सातबारा, आत्या आणि एक प्रायव्हेट फील्ड

इंजिनिअरिंगच्या ओरल्सना हमखास येणारा एक प्रश्न आहे, ‘एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय?’ त्याचं पाठ केलेलं उत्तरही ठरलेलं आहे, ‘सर, डेटा हायडिंग.’ एखादा हुशार पोरगा पुढे जोडतो, ‘कॅप्सूलमध्ये जसं औषध असतं तसा क्लासमध्ये डेटा असतो.’ एक्स्टर्नल मान हलवतात, मार्क पडतात. पुढे तोच पोरगा कंपनीत बसून क्लास लिहितो, सगळी फील्ड्स प्रायव्हेट करतो, राइट क्लिक करून ‘जनरेट गेटर्स अँड सेटर्स’ निवडतो, सगळ्या चौकटींवर टिक करतो आणि चहाला जातो. प्रायव्हेट का केलं, असं त्याला कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘डेटा हायडिंग, सर.’

सगळा घोळ या ‘हायडिंग’ शब्दानं होतो. लपवायचं म्हटलं की आपल्याला पासवर्ड, गुपित, तिजोरी असलं काहीतरी आठवतं. मग प्रश्न पडतो, कर्जाची बाकी तर स्क्रीनवर सगळ्यांना दिसते, गेटर आपणच लिहून दिलाय, मग लपवलं काय आणि कुणापासून? मला प्रायव्हेटचा अर्थ नीट लागला तो गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सातबाऱ्यावरून. त्यात आमच्या घरातलं एक भांडणही आहे, त्यामुळे तो जरा लांबून सांगावा लागेल.

ज्यांचा जावाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. जावात क्लास म्हणजे एखाद्या गोष्टीचा नमुना, समजा ‘कर्जखातं’. त्या खात्याबद्दलची माहिती ज्या कप्प्यांत ठेवतात ती फील्ड्स: मुद्दल, व्याजदर, बाकी. फील्डच्या आधी पब्लिक लिहिलं तर प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून ते वाचता येतं आणि बदलताही येतं. प्रायव्हेट लिहिलं तर त्याला हात फक्त तोच क्लास लावू शकतो. बाहेरच्यांनी क्लासनं दिलेल्या दारातून यायचं. ही दारं म्हणजे मेथड्स. भाषेचा नियम एवढाच आहे. कुठे कोणता शब्द लिहायचा, हे मात्र भाषा सांगत नाही.

०००

आता सातबारा. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाच्या नावावर, किती, तिच्यावर बोजा कुणाचा हे असतं. गाव नमुना १२ मध्ये पीकपाणी. दोन्ही मिळून ७/१२. आमच्या तालुक्यात या कागदाला फार वजन आहे. एका बाजूला गोदावरी, कापूस, ऊस आणि कांदा, दुसऱ्या बाजूला वाळूज एमआयडीसी. जिथे कारखान्याची भिंत शेताच्या बांधाला येऊन टेकते तिथे गुंठ्याचा हिशेब पोरांनाही तोंडपाठ असतो.

आणि हा एवढा महत्त्वाचा कागद कुणालाही बघता येतो. महाभूलेखच्या साइटवर जायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, किंवा सरळ आडनाव टाकायचं. समोरच्याचा सातबारा तुमच्या मोबाइलवर. नुसता वाचायला पैसेही लागत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. स्थळ बघायला येणारी मंडळी हल्ली पोहे खायच्या आधी मुलाचा सातबारा बघून येतात. सोसायटीचं कर्ज किती, विहिरीची नोंद आहे का, भाऊ किती, सगळं त्यांना दारात चप्पल काढताना माहीत असतं. म्हणजे लपवण्याच्या बाबतीत सातबारा शून्य.

पण बदलायचा म्हटलं तर? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला स्वतःच्या नावातली वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आदेश तहसीलदारांचा लागतो. वाचायला गाव मोकळं आणि लिहायला मालकसुद्धा बाहेरचा, अशी ही व्यवस्था आहे. जावाच्या भाषेत सांगायचं तर फील्ड प्रायव्हेट, गेटर पब्लिक.

लिहिण्याचं दार म्हणजे फेरफार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू. तिच्या कलम १४९ आणि १५० मध्ये या दाराचं सगळं वर्णन आहे. जमिनीत कुणाला खरेदीनं, वारसानं, वाटणीनं हक्क मिळाला तर त्यानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या गावात मात्र अजून आप्पाच.) आप्पा ती गोष्ट थेट सातबाऱ्यावर लिहीत नाहीत. ती आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत जाते. नोंदीची प्रत चावडीत लावायची. ज्यांचा ज्यांचा संबंध असेल त्यांना लेखी नोटीस द्यायची. हरकतीला १५ दिवस. कुणाची हरकत आलीच तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. नोंद प्रमाणित करतात ते मंडळ अधिकारी, म्हणजे लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. एवढं झालं की बदल सातबाऱ्यावर येतो आणि नावाशेजारी फेरफाराचा नंबर पडतो. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. वीस वर्षांनी कुणी विचारलं, ‘हे नाव इथं कसं आलं?’ तर तो नंबर धरून मागे जाता येतं.

आता या सगळ्याच्या जागी पब्लिक फील्ड आणून बघा. चावडीत सातबाऱ्याचं बाड उघडं पडलंय, शेजारी पेन दोरीला बांधलेलं, आणि बाहेर पाटी: ‘कृपया जबाबदारीने लिहावे.’

०००

अशी पाटी मी एका सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली आहे. पुण्यातल्या एका कंपनीत शेतीकर्जाच्या हिशेबाचा जुना प्रोजेक्ट आमच्या टीमकडे आला. त्यात कर्जखात्याच्या क्लासमध्ये ‘बाकी’ हे फील्ड पब्लिक होतं, आणि वर कॉमेंट होती की हे थेट बदलू नये. महिनाअखेरीला बेरीज जुळेना. फरक मोठा नव्हता. काही खात्यांवर काही पैसे, कधी कमी, कधी जास्त. पण कर्जाच्या हिशेबात पैशांचा फरकही फरकच असतो, आणि तो रोज वेगळा येत असेल तर झोप उडते.

दोन दिवस शोधल्यावर सापडलं. रिपोर्ट छापणारा एक क्लास होता. रिपोर्टवर रुपयातच आकडा दिसावा म्हणून तो बाकी पूर्णांकात आणायचा, आणि आणलेली बाकी त्याच फील्डमध्ये परत लिहायचा. पुढे कुठेतरी ते खातं सेव्ह व्हायचं. म्हणजे कुणी नुसता रिपोर्ट काढला तरी शेतकऱ्याच्या खात्यावरचे पैसे बदलायचे. ज्यानं तो कोड लिहिला त्याची नियत वाईट नव्हती. त्याला फक्त आकडा नीट दिसायला हवा होता. दार उघडं होतं, तो आत गेला.

दुरुस्ती करताना आमच्या लीडनं पहिल्यांदा काय केलं, तर ‘पब्लिक’ खोडून ‘प्रायव्हेट’ लिहिलं आणि प्रोजेक्ट बिल्ड केला. लाल एररची लांबलचक यादी आली. ती यादी म्हणजे आजवर त्या फील्डला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतं. दोन दिवस जे शोधत होतो ते कंपायलरनं एका मिनिटात समोर ठेवलं. त्यातले बरेचसे नुसते वाचणारे होते, त्यांना गेटर दिला. लिहिणारे मोजके निघाले, आणि त्यातल्या काहींना लिहिण्याचं काहीच कारण नव्हतं.

म्हणून मला प्रायव्हेटचा अर्थ विचारला तर मी सांगतो: हे फील्ड बदलण्यासाठी एखादा नियम आहे आणि तो नियम सांभाळणारं एकच ठिकाण आहे. बाकी शून्याखाली जाऊ नये, हप्ता आला तर आधी व्याज वळतं व्हावं मग मुद्दल, प्रत्येक बदलाची तारीख राहावी. हे नियम फील्ड पब्लिक असेल तर प्रत्येकाच्या डोक्यात राहतात, आणि प्रत्येकाचं डोकं वेगळं असतं.

०००

पण नुसतं प्रायव्हेट लिहून भागत नाही. चहाला जाण्याआधी सगळ्या चौकटींवर टिक केल्यानं जे होतं ते असं: बाकी प्रायव्हेट, आणि शेजारी एक पब्लिक सेटर, जो येईल तो आकडा मुकाट्यानं आत लिहितो. म्हणजे बाड कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली कुलपालाच लटकवली. एररची यादी मिळत नाही, नियम सांभाळला जात नाही. एवढंच समाधान की सोनारसारखी कोड तपासणारी टूल्स कुरकुर करत नाहीत.

सातबाऱ्याला असा सेटर नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. ‘मालकाचं नाव बदला’ असा फेरफार नसतोच. फेरफाराला प्रकार असतो. वारस नोंद. खरेदी. वाटणी. बक्षीसपत्र. हक्कसोड. बोजा चढवणे, बोजा कमी करणे. प्रत्येकाला वेगळे कागद लागतात आणि प्रत्येकात विचारायची माणसं वेगळी. खरेदीला नोंदणीकृत दस्त लागतो, वारसाला मृत्यूचा दाखला लागतो, बोजा उतरवायला बँकेचं पत्र लागतं. नाव बदलणं हा परिणाम आहे. त्याआधी गावात काहीतरी घडलेलं असतं आणि नोंद त्या घडलेल्या गोष्टीची होते.

कोडमध्येही हेच करता येतं. ‘सेट बाकी’ ही मेथड काढून टाका. तिच्या जागी ‘हप्ता भरा’, ‘व्याज आकारा’, ‘कर्जमाफी लावा’ अशा मेथड्स लिहा. मग प्रत्येकीला स्वतःचा नियम सांभाळता येतो. कर्जमाफीला आदेशाचा क्रमांक मागता येतो, हप्त्याला पावती नंबर. शिवाय सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला कळतं की बाकी कमी झाली ती का झाली.

गेटरलाही एक फट असते, आणि तिच्यावर आपल्याकडे छान शब्द आहे: नक्कल. तहसीलमध्ये तुम्ही जुन्या फेरफाराची नक्कल मागता. तुम्हाला प्रत मिळते, दप्तर मिळत नाही. त्या प्रतीवर तुम्ही पेन्सिलनं काहीही खुणा करा, मूळ कागद शाबूत. जावात मात्र एखादं फील्ड यादी असेल, समजा वारसांची नावं, आणि गेटरनं तीच यादी उचलून बाहेर दिली, तर घेणारा त्यात नाव घालू शकतो किंवा काढू शकतो. फील्ड प्रायव्हेट, सेटर नाही, तरी दप्तर लोकांच्या हातात. अशा वेळी नक्कल द्यावी किंवा नुसती वाचता येणारी यादी द्यावी.

जावाच्या स्वतःच्या घरात याची फजिती झालेली आहे. सुरुवातीच्या काळापासून खिडक्या-बटणांसाठी जी लायब्ररी आहे तिच्यात ‘डायमेन्शन’ नावाचा क्लास आहे, रुंदी आणि उंची ठेवणारा. ही दोन्ही फील्ड्स पब्लिक आहेत. आता एखाद्या बटणाला त्याचा आकार विचारला आणि त्यानं आतला डायमेन्शन तसाच बाहेर दिला, तर घेणारा परस्पर रुंदी बदलेल. म्हणून ‘गेट साइझ’ दर वेळी नवा डायमेन्शन बनवून देतं. एका ठिकाणी पब्लिक लिहिलं, त्याची किंमत नकला काढून काढून चुकवायची. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात हेच उदाहरण देऊन, असं करू नका म्हणून सांगितलं आहे. पण आता ते बदलता येत नाही, कारण जगभरच्या कोडनं त्या पब्लिक फील्डला हात लावून ठेवलेला आहे.

याच्या उलट गोष्ट ‘स्ट्रिंग’ची. जावातला कदाचित सगळ्यात जास्त वापरला जाणारा क्लास. त्याच्या आत अक्षरं ज्या ॲरेत ठेवतात तो प्रायव्हेट आहे. पूर्वी प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागायचे. २०१७ मध्ये जावा ९ आलं तेव्हा आतली मांडणीच बदलली. मजकूर नुसता इंग्रजीसारख्या लॅटिन अक्षरांचा असेल तर अक्षराला एक बाइट, त्यापलीकडचं एक जरी अक्षर आलं तर पूर्वीसारखे दोन. म्हणजे ‘गंगापूर’ देवनागरीत लिहिलं तर जुन्याच भावात, रोमनमध्ये लिहिलं तर अर्ध्या जागेत. एवढा मोठा बदल झाला, आणि स्ट्रिंग सरळ मार्गानं वापरणाऱ्यांना आपल्या कोडची एक ओळही बदलावी लागली नाही. त्रास झाला तो रिफ्लेक्शन वापरून भिंतीवरून आत डोकावणाऱ्यांना. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या निबंधात हाच मुद्दा आहे: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या आत ठेवा, म्हणजे बदलाची झळ बाहेर लागणार नाही. आपल्याकडे हस्तलिखित सातबारा जाऊन संगणकाचा आला तेव्हाही बँकेनं ‘सातबारा आणा’ एवढंच म्हणायचं थांबवलं नाही. आत बाड होतं की डेटाबेस, याच्याशी बँकेला घेणं नव्हतं.

०००

आता घरातलं भांडण.

माझे आजोबा वारले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आजी आधीच गेलेली. मागे तिघं: वडील, काका आणि आत्या. आत्या वैजापूर तालुक्यात दिलेली. दिवसकार्य झालं आणि वारस नोंदीचा विषय निघाला. काकांनी अर्ज दिला, सोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र, त्यात नावं दोनच. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ‘ती काय वाटा मागणार आहे का? आधी तिचं नाव लावा, मंग हक्कसोड करा, तिला गंगापूरला रजिस्ट्रीला आणा. दोनदा कागद कशाला?’ वडील काही बोलले नाहीत. आमच्याकडे न बोलण्याचा अर्थ होकार धरतात.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. वडिलांच्या स्वतःच्या वाट्याला मुलगी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. पण कायदा पुस्तकात असतो आणि अर्ज काका भरतात.

आत्याला हे कुणीही सांगितलं नाही. तिला कळलं ते तिच्या मुलीकडून. ती नर्सिंग करत होती. ‘आपली चावडी’ नावाची सरकारी साइट आहे, तिच्यावर गाव निवडलं की चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात: कोणता गट, कोणता प्रकार, हरकतीची शेवटची तारीख. मामाच्या गावाचं नाव सहज टाकलं म्हणाली. आजोबांचा गट दिसला. वारस दोन.

आत्या सकाळच्या एसटीनं आली ती आमच्या घरी न येता सरळ चावडीत गेली. हरकतीचा अर्ज दिला, पोच घेतली आणि मगच चहाला घरी आली. काका पेटलेच. ‘भावाच्या विरोधात कोर्टात जाती का?’

आत्या म्हणाली, ‘कोर्टात कामून जाऊ? चावडीत गेले. कागदच लावलाय तिथं, ज्याला काही म्हणायचंय त्यानं म्हणा म्हणून. मी म्हणले.’

प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेलं. मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. त्यांनी काकांना विचारलं, ही तुमची सख्खी बहीण का? काका म्हणाले, हो. दुसरं फारसं विचारायची गरज पडली नाही. शेवटी नोंद मंजूर झाली ती तिघांच्या नावानं. त्यानंतर दोन वर्षं आत्या भाऊबीजेला आली नाही. म्हणजे तिला कुणी बोलावलं नाही.

मधे एकदा मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा विचारलं, तुला खरंच वाटा हवा होता का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘आज तर नको. उद्याचं मला काय माहीत. पण बाबांच्या कागदावरून माझं नाव काढायचं आसंल तर मला विचारून काढा ना. मी नाही म्हणणार का हो म्हणणार, ते मी ठरवीन.’

त्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. तिला सातबारा स्वतःच्या हातानं लिहायचा नव्हता. तिला एवढंच हवं होतं की तिच्याबद्दलची नोंद बदलणारा रस्ता तिच्या दारावरून जावा. आणि तो तसा गेला. काकांकडे मूळ कागद लिहिण्याचा अधिकार नव्हता, फेरफारातून जाणं भाग होतं, आणि फेरफार नोटीस लावल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांच्या हातात पब्लिक फील्ड असतं तर एका दुपारचं काम होतं. आत्याला कळलं असतं ते कधीतरी दहा वर्षांनी, जमीन विकताना.

०००

नवीन आलेली मुलं कोड रिव्ह्यूमध्ये हमखास विचारतात, ‘पब्लिक ठेवलं तर काय बिघडतं? आपलीच तर टीम आहे. बाहेरचा कोण येणार?’

हा प्रश्न ऐकला की मला काका आठवतात. सातबाऱ्यावरची भांडणं परक्या माणसाशी क्वचित होतात. त्यांना भाऊबंदकी म्हणतात ते उगाच नाही. प्रायव्हेटही हॅकरसाठी नसतं. ज्याला मुद्दाम आत घुसायचंय त्याला रिफ्लेक्शनसारख्या वाटा सापडतात, आणि खऱ्या चोराचा बंदोबस्त वेगळ्या जागी करावा लागतो. प्रायव्हेट आहे ते आपल्याच माणसांसाठी: घाईत असलेल्या, चांगल्या हेतूच्या, ‘ती काय नाही म्हणणार आहे का’ असं गृहीत धरणाऱ्या माणसांसाठी. रिपोर्टवाला तो क्लास आमच्याच टीमनं सांभाळायच्या प्रोजेक्टमध्ये होता.

याचा अर्थ सगळं कडीकुलपात ठेवायचं असा नाही. जावात मधल्या दोन पायऱ्या आहेत. काहीच लिहिलं नाही तर फील्ड त्याच पॅकेजमधल्या क्लासेसना दिसतं. याला भावकीपुरतं म्हणा. प्रोटेक्टेड लिहिलं तर भावकीलाही दिसतं आणि दुसऱ्या पॅकेजमधल्या वारसांनाही, म्हणजे सबक्लासेसना. बरेच जण समजतात की ते फक्त वारसांना असतं. तसं नाही, ते दोघांनाही असतं, म्हणून जपून. आणि प्रायव्हेट हे एकेका ऑब्जेक्टपुरतं नसून क्लासपुरतं असतं. एक कर्जखातं दुसऱ्या कर्जखात्याचं प्रायव्हेट फील्ड वाचू शकतं, जसं एका सजाचं सगळं दप्तर एकाच तलाठ्याकडे असतं.

उघडं ठेवण्यासारख्याही गोष्टी असतात. ज्यांना सांभाळायचा नियमच नाही आणि ज्या पुन्हा बदलणार नाहीत त्या. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा विकल्यावर हातात पट्टी येते: वजन, भाव, तोलाई, हमाली, निव्वळ रक्कम. ती एकदा फाडली की बदलत नाही. ती कुणालाही दाखवा. जावात यासाठी २०२१ पासून, जावा १६ मध्ये, रेकॉर्ड आलं. त्याची फील्ड्स आतून प्रायव्हेट आणि फायनल असतात, पण वाचायला सगळी मोकळी, आणि तशीच असतील असं वचन दिलेलं असतं. न बदलणारे स्थिरांक पब्लिक ठेवायला हरकत नाही. ॲरेची लांबी सांगणारं ‘लेन्थ’ हे फील्डसुद्धा पब्लिक आणि फायनल आहे, आणि त्यानं कधी कुणाचं नुकसान केलेलं नाही. एखाद्या क्लासच्या पोटातल्या छोट्या प्रायव्हेट क्लासला गेटर लिहीत बसणं म्हणजे स्वयंपाकघरातून बैठकीत जायला गेटपास मागणं. फक्त एक लक्षात ठेवायचं: ॲरे किंवा यादी फायनल केली म्हणून आतला मजकूर फायनल होत नाही. बाड जागेवरून हलणार नाही, पानं मात्र फाटू शकतात.

दार कुणाला द्यायचं हे कायमचं ठरलेलं नसतं. नमुना बारामधलं पीकपाणी पूर्वी तलाठी लिहायचे, कधी शेतात येऊन, कधी चावडीत बसून. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ते लिहिण्याचं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. पण फील्ड पब्लिक झालं नाही. तुमच्याच गटाचं, ठरलेल्या मुदतीत, शेतात उभं राहून काढलेल्या फोटोसकट लिहायचं. चुकलं तर दुरुस्तीला थोडी मुदत, आणि काही नोंदींची वरून पडताळणी. ज्याला पीक माहीत आहे त्याच्या हातात पेन दिलं, नियम मात्र कागदासोबत राहिले. नवं दार काढायचं तर असं काढावं.

म्हणून माझा रिव्ह्यूचा नियम साधा आहे. फील्ड आधी प्रायव्हेट. मग विचारायचं: हे कुणाला वाचायचंय? ते बदलतं कधी, म्हणजे गावात काय घडल्यावर? आणि बदलताना कुणाला कळायला हवं? उत्तरं आली की दारं आपोआप ठरतात, त्यांची नावंसुद्धा. संशय असेल तर बंद ठेवावं. प्रायव्हेटचं पब्लिक एका शब्दात होतं. पब्लिकचं प्रायव्हेट करायला मात्र ज्यांनी ज्यांनी हात लावलाय त्या सगळ्यांच्या दारात जावं लागतं.

आमच्या सातबाऱ्यावर आजही तीन नावं आहेत. हक्कसोड झालेली नाही, वाटणीही झालेली नाही. काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आत्या दर दोन-तीन महिन्यांनी मुलीला मोबाइलवर आमचा गट नंबर टाकायला सांगते. तिला त्यात काही बदलायचं नसतं. नाव आहे ना, एवढं बघते आणि मोबाइल परत देते.